वारं गेल्यानंतर : नगर जिल्ह्यातल्या अर्धांगाचा इतिहास

नगरचा इतिहास म्हटलं की आपण किल्ला, निजामशाही, चांदबीबी यांच्यावर बोलतो. आज मात्र आपण एका आजाराचा इतिहास पाहू. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण बोलण्याच्या ओघात तोंडात नगरच येणार, तेवढं चालवून घ्या.

आपल्याकडची जुनी माणसं ‘स्ट्रोक’ म्हणत नाहीत. ‘त्यांच्या अंगावरून वारं गेलं’ असं म्हणतात. हा शब्द अडाणीपणाचा नाही. चरकसंहितेत पक्षवध आणि सुश्रुतात पक्षाघात हे वातव्याधींतच मोजले आहेत. युरोपातसुद्धा स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फरने झटक्याने मेलेल्यांची शवं उघडून मेंदूतला रक्तस्राव दाखवला तो १६५८ साली. पण या शब्दाचा एक परिणाम झाला, तो आजही आहे. वारं म्हटलं की माणूस तेल, शेक आणि मालिशीकडे जातो, लकव्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता विचारतो. साप चावल्यावर गाव जसं धावतं, तसं वारं गेल्यावर धावत नाही.

आता किल्ल्याकडे येऊच. ऑगस्ट १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरूंना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ साली इथेच लिहून झालं, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. त्याच नेहरूंना जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरच्या काँग्रेस अधिवेशनात अर्धांगाचा झटका आला, डावं अंग दुबळं झालं. देशाचा पंतप्रधान, म्हणजे डॉक्टरांची काही कमी नव्हती. पण त्या डॉक्टरांच्या हातात होतं काय? मेंदूचा पहिला सीटी स्कॅन व्हायला अजून सात वर्षं होती. आत गुठळी अडकली आहे की रक्त सांडलं आहे, हे बाहेरून खात्रीने सांगता येत नव्हतं. गुठळी विरघळवणारं औषध या आजारासाठी नव्हतंच. विश्रांती आणि काम कमी, एवढाच सल्ला. लालबहादूर शास्त्रींना बिनखात्याचे मंत्री म्हणून मदतीला घेतलं, आणि २७ मे रोजी नेहरू गेले. आम्ही हे सांगतो ते एवढ्यासाठी, की त्या वर्षी पाथर्डीच्या शेतकऱ्याला आणि दिल्लीच्या पंतप्रधानाला मिळणाऱ्या उपचारात फारसा फरक नव्हता. फरक नंतर पडला.

तो पडायला १९७० च्या सुमारास सुरुवात झाली, आणि ती झटका येण्याआधीच्या टप्प्यावर. त्या वर्षी अमेरिकेत माजी सैनिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम वाढलेला रक्तदाबही गोळ्यांनी खाली ठेवला, तर झटके कमी होतात, हे त्याने दाखवलं. त्याच वर्षी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्याआधी ते नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. तेच तेच आजार घेऊन माणसं पुन्हा येतात, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. जामखेडला त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या पुष्कळ दलित होत्या, पुष्कळ निरक्षर होत्या. आधी बाळंतपणं, कुपोषण, कुष्ठरोग. पुढे रक्तदाब मोजणंही आलं. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या मते जामखेडचं खरं सांगणं असं, की कौशल्य घराच्या उंबरठ्यापर्यंत नेता येतं, आणि ते नेणारी बाई शिकलेलीच असली पाहिजे असं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा पुरावा डिसेंबर १९९५ मध्ये आला. तेव्हा मुदत तीन तासांची होती, २००८ मध्ये साडेचार तासांपर्यंत वाढली. गुठळी तारेने ओढून काढण्याची प्रक्रिया २०१५ नंतर रुळली, निवडक रुग्णांना तर चोवीस तासांपर्यंत. पण रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन घात करतं, म्हणून आधी सीटी स्कॅन हवाच. आता नकाशा समोर आणा. १७ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, क्षेत्रफळात राज्यात पहिला असा आपला जिल्हा. प्रवरानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात लोणीला वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली आलं. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून. पण अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीत पहाटे तोंड वाकडं झालं, आणि ‘उजाडलं की बघू’ म्हणून घरचे थांबले, तर साडेचार तास घरीच संपतात. मोठी गुठळी अडकलेली असताना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब आहे.

इथवरचा इतिहास डॉक्टरांचा. वाचलेला माणूस आठ-दहा दिवसांत घरी येतो, आणि तिथून पुढचं बहुधा सुनेच्या नाहीतर बायकोच्या अंगावर पडतं. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. गिळता येतंय का हे तपासून घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पाजायचं नाही, ते फुप्फुसात जातं. उठवताना लुळा हात ओढायचा नाही, खांदा निसटतो. खाली बसून उठणं, संडासाला बसणं, उंबरठा ओलांडणं, यातलं एकेक पुन्हा शिकवायचं. बर्टा बोबाथ या बाईंनी १९४० च्या दशकात लंडनमध्ये हेच मांडलं, की लुळी बाजू सोडून देऊ नका, तिला काम द्या. आपल्याकडे ही विद्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात आली. कमला निंबकरांनी तिथे १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा काढली, पाठोपाठ फिजिओथेरपीची निघाली. आज लोणीत आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत.

मग घरच्यांनाच शिकवलं तर? भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर नेमका हाच प्रयोग झाला. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं. सहा महिन्यांनी मेलेले किंवा परावलंबी झालेले शंभरात ४७. ज्यांच्या घरच्यांना शिकवलं नव्हतं, त्यांच्यातही ४७. हा निकाल ऐकून आम्हाला वाईट वाटलं, पण त्या बायका कमी पडल्या असं त्यातून कोणी काढू नये. स्वयंपाक, गुरं, रोजंदारी हे सगळं सांभाळून तिने आणखी फिजिओथेरपिस्टही व्हावं, ही अपेक्षाच जास्तीची होती.

जामखेडची आठवण इथे होते. तिथे शिकवलेली बाई घरातली नव्हती, गावातली होती. तिच्यामागे दवाखाना होता, आणि ती परत परत शिकायला जायची. अर्धांगासाठी असं काही करून पाहायला हवं, असं आम्हाला वाटतं. एक अडचण आताच सांगतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परततात. रक्तदाबाच्या गोळ्या त्या फडावर कोण पोचवणार, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला आधार देऊन अंगणात कोण चालवणार? त्याबद्दल तुमच्यातल्या साखर कारखान्यांवर काम केलेल्यांकडून ऐकायचं आहे. माइक मागे द्या.