बिशप हिल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या इलिनॉय राज्यातील एक लहानसे ऐतिहासिक गाव. लोकसंख्या १२८ (२०१०). राज्याच्या वायव्य भागातील हेन्री परगण्यात, प्रेअरी या गवताळ मैदानी प्रदेशात ते वसले आहे. स्वीडिश धर्मसुधारक एरिक यान्सन (१८०८–५०) याच्या अनुयायांनी १८४६ मध्ये ते वसविले. ‘बिशप हिल’ हे नाव यान्सनच्या बिस्कोप्सकुल्ला या जन्मस्थानाच्या नावाचे भाषांतर होय.

बायबल हाच एकमेव प्रमाणग्रंथ, असे यान्सनचे प्रतिपादन होते. त्याच्या अनुयायांनी १८४४ मध्ये ल्यूथर व इतरांच्या धर्मग्रंथांची जाहीर होळी केली. स्वीडनमध्ये धर्मगुरूवाचून घरोघरी प्रार्थनासभा भरविण्यास १७२६ च्या कायद्याने बंदी होती. यान्सनला वारंवार अटक झाल्याने अखेर त्याने नॉर्वेमार्गे देश सोडला. त्याच्यामागून हजाराहून अधिक लोक टप्प्याटप्प्याने अमेरिकेत आले. त्यांपैकी अनेकांनी आपली घरेदारे विकून तो पैसा सामाईक निधीत घातला होता.

पहिला हिवाळा ओढ्याच्या दरडीत खोदलेल्या भुयारांत काढावा लागला. अपुरे अन्न व रोगराई यांमुळे शंभराच्या आसपास माणसे दगावली. १८४९ च्या पटकीनेही अनेकांचा बळी घेतला. तरीही सामुदायिक श्रमांच्या बळावर वसाहतीने १८४८ मध्ये प्रार्थनामंदिर उभारले आणि पुढे विटांच्या मोठ्या इमारती बांधल्या. जवसाच्या धाग्याचे लिनन कापड आणि केरसुण्यांसाठी लागणारे ब्रूमकॉर्न ही उत्पन्नाची साधने होती.

मात्र व्यक्तीचा स्वतंत्र हक्क या व्यवस्थेत दुर्बळ होता. यान्सनच्या नात्यातील स्त्रीशी विवाह केलेल्या जॉन रूट याने पत्नीला वसाहतीबाहेर नेण्याचा प्रयत्न केला. त्यातून उद्भवलेल्या वादात त्याने १३ मे १८५० रोजी केंब्रिज येथील न्यायालयाच्या इमारतीत यान्सनची गोळी घालून हत्या केली. १८५३ मध्ये राज्याच्या सनदेने मालमत्ता सात विश्वस्तांच्या ताब्यात गेली. जवळून जाणाऱ्या लोहमार्गामुळे भरभराट झाली. पण ऊलोफ जॉन्सन या विश्वस्ताने सभासदांना पुरेशी माहिती न देता केलेल्या सट्टेबाजीच्या व्यवहारांमुळे वसाहत कर्जात बुडाली व १८५७ च्या आर्थिक मंदीत ती कोलमडू लागली. १८६१ मध्ये वसाहत विसर्जित होऊन सभासदांना जमिनींची वाटणी मिळाली. तिच्याबरोबर कर्जफेडीचा भारही आला. त्याबाबतचे न्यायालयीन वाद १८७९ पर्यंत चालले.

बिशप हिलहून स्वीडनला गेलेल्या पत्रांनी पुढील स्थलांतरास चालना दिली. १८५० मध्ये बालवयात येथे आलेल्या ऊलोफ क्रान्स (१८३८–१९१६) या चित्रकाराने वसाहतीतील पेरणी, कापणी, बांधकामे आणि अनेक वसाहतकऱ्यांची व्यक्तिचित्रे स्मरणातून व छायाचित्रांवरून रंगविली. १९८४ मध्ये गावास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. विश्वासाने एकत्र केलेली संपत्ती आणि तिच्यावर सभासदांचे नियंत्रण नसणे, या दोहोंमुळे बिशप हिलचा उत्कर्ष आणि ऱ्हास एकाच मुळापासून उद्भवलेले दिसतात.