चिमूटभर कर्बाचा इतिहास

जालन्याच्या पोलादी सळया दूरदूरच्या बांधकामांत जातात. तें पोलाद वितळविणारा कारागीर जाणतो, कीं शुद्ध लोखंड मऊ असतें. शेंकडा एकाहूनहि कमी कर्ब त्यांत मिसळला, म्हणजे त्याला कणखरपणा येतो. अल्प मिश्रणानें द्रव्याचा स्वभाव पालटतो, हें भट्टीवरचें जुनें ज्ञान अतिवाहकतेच्या इतिहासांतहि प्रत्ययास आलें आहे.

१९११ सालीं हॉलंडांत कामरलिंग ओनेस यांस दिसलें, कीं निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें ४ अंशांवर पाऱ्याचा विद्युत्प्रवाहास होणारा विरोध नाहींसा होतो. पुढील पाऊणशें वर्षांत ही मर्यादा जेमतेम २३ अंशांपर्यंत चढली. मग १९८६ सालीं झूरिकजवळ बेड्नॉर्झ व म्यूलर यांनीं लँथॅनम व तांबें यांच्या ऑक्साइडांत बेरियम मिसळलें. मूळ द्रव्यांतून वीज वाहत नसे. पण लँथॅनमच्या कांहीं अणूंची जागा बेरियमनें घेतांच इलेक्ट्रॉन उणे पडले, त्यांच्या रिकाम्या जागा फिरूं लागल्या, आणि ३० अंशांच्या आसपास अतिवाहकता प्रकटली. मिश्रण फार थोडें असलें तर हा गुण येत नाहीं. फार झालें तर तो जातो.

आतां, श्रोतेहो, मुंबईकडे वळूं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत नागराजन, चंदन मजुमदार, झाकिर हुसेन, एल. सी. गुप्ता प्रभृति संशोधक यिट्रियम, निकेल व बोरॉन यांची मिश्रधातु तपाशीत होते. निकेल चुंबकीय धातु, आणि चुंबकत्व हें तर सामान्यतः अतिवाहकतेचें वैरी! तरीहि १२ अंशांजवळ अतिवाहकतेची पुसट खूण उमटली. नमुन्याचा लहानसा अंशच तीस कारण होता. अशुद्धीचा परिणाम म्हणून ती सोडून देणें सोपें होतें. त्यांनीं तिचाच माग काढला, कर्बाची भर घातली, आणि खूण ठळक झाली. १९९४ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें निकेलऐवजीं पॅलॅडियम योजून २३ अंश गांठले. स्फटिकरचना उलगडली, तेव्हां कळलें, कीं कर्ब ही तेथें नुसती भेसळ नव्हे. तो त्या रचनेचा आवश्यक घटक आहे.

या द्रव्यांनीं घरोघरची वीज स्वस्त केली नाहीं. परंतु त्यांच्या कुलांतील कांहीं द्रव्यांत चुंबकत्व व अतिवाहकता एकत्र नांदतांना आढळलीं, आणि या वैराचा पुनर्विचार करावा लागला. जी खूण दुर्लक्षिली असती तरी कोणीं दोष दिला नसता, तिच्यापासून हें नवें प्रकरण सुरू झालें.