मैदानांतून एव्हरेस्टकडे

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा व भातशेतीचा प्रदेश. वैनगंगेच्या कांठीं वसलेलें भंडारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारें अडीचशें मीटर उंचीवर आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याचे फांटे उतरलेले दिसतात, गायखुरीच्या टेकड्या आहेत, तुमसर तालुक्यांत आंबागडचा जुना किल्ला आहे. पण बर्फाचा डोंगर म्हणजे काय, हें येथील मुलास पुस्तकांतील चित्रावरूनच कळावयाचें. वैनगंगाहि हिमालयाची कन्या नव्हे. सिवनीच्या मुलखांत उगम पावणारी ती पावसावर पोसलेली नदी आहे. अशा प्रदेशाचा आणि जगांतील सर्वोच्च शिखराचा कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु इतिहास चाळून पाहिला तर विदर्भाचा हा संबंध दोनशें वर्षांचा आहे, असें आढळून येईल.

एव्हरेस्टवर पहिली स्वारी झाली ती दोरानें व कुऱ्हाडीनें नव्हे, तर गणितानें. १८०२ सालीं मद्रासजवळच्या मैदानांत विल्यम लॅम्ब्टन यानें जमिनीवर एक रेषा काळजीपूर्वक मोजली आणि तिच्या आधारानें त्रिकोणामागून त्रिकोण रचीत हिंदुस्थानच्या मोजणीस आरंभ केला. एक बाजू व तिच्या टोकांवरील दोन कोन कळले म्हणजे त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू हिशेबानें काढतां येतात. शाळेंतील भूमितीचा हाच साधा सिद्धांत या प्रचंड कार्याच्या मुळाशीं होता. कोन मोजण्याचें यंत्र अर्ध्या टनाच्या घरांत जाणारें. तें उचलून टेकड्यांवर, देवळांवर चढविणारे हात अर्थात् येथील मजुरांचे होते. हैदराबादेहून नागपुराकडे मुक्काम हलवीत असतां २० जानेवारी १८२३ रोजीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें लॅम्ब्टन मरण पावला. त्याचें थडगें तेथेंच आहे. त्याचा सहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यानें मोजणीची ती रेषा पुढें हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

नेपाळांत परकीयांस त्या काळीं प्रवेश नव्हता. म्हणून १८४९ च्या सुमारास तराईच्या सपाटीवरूनच दूरच्या शिखरांचे कोन घेण्यांत आले. ज्या शिखरास 'पंधरावें शिखर' एवढेंच नांव होतें, तें सर्वांत उंच आहे असें या कोनांवरून केलेल्या आंकडेमोडींत निघालें. या कामांत राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वांटा होता. १८५६ सालीं त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. नेपाळ व चीन यांनीं २०२० सालीं ८,८४८.८६ मीटर ही उंची मान्य केली. म्हणजे पायथ्याशींहि न जातां केलेल्या जुन्या मोजणींत अवघा नऊ मीटरांचा फरक निघाला! १८६५ मध्यें शिखरास एव्हरेस्टचें नांव देण्यांत आलें. जुन्या मराठी पुस्तकांतून त्याला गौरीशंकर म्हणण्याचा प्रघात होता; परंतु गौरीशंकर हें निराळें शिखर असून तें बरेंच ठेंगणें आहे.

उंची कळली, पण पाय ठेवण्यास आणखी जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १९२१ सालीं ब्रिटिशांची पहिली मोहीम तिबेटच्या बाजूनें पाहणीसाठीं गेली. दुसऱ्याच वर्षीं, ७ जून १९२२ रोजीं, हिमकडा कोसळून सात हमाल ठार झाले. एव्हरेस्टच्या मोहिमांच्या इतिहासांतील पहिली मोठी आहुति ही ओझें वाहणाऱ्यांची होय. अखेर जॉन हंट यांच्या मोहिमेंतील तेनसिंग नोर्गे व एडमंड हिलरी यांनीं २९ मे १९५३ रोजीं शिखर गांठलें. लोकांच्या स्मरणांत हीं दोन नांवें राहिलीं. पण त्या मोहिमेंत साडेतीनशेंहून अधिक हमाल काठमांडूच्या खोऱ्यांतून सामान घेऊन निघाले होते. २६ मे रोजीं बूर्दिलाँ व इव्हान्स ही जोडी मुख्य शिखर सुमारें शंभर मीटर उरलें असतां परत फिरली. त्याच दिवशीं खुद्द हंट व दा नाम्ग्याल शेर्पा यांनीं पाठीवर सामान वाहून वरच्या धारेवर ठेविलें, आणि तेंच तीन दिवसांनीं हिलरी-तेनसिंगांच्या उपयोगीं पडलें. मोहीम म्हणजे काय, हें समजण्यास एवढें एक उदाहरण पुरे आहे.

यानंतर भारतीयांचे प्रयत्न सुरू झाले. १९६० व १९६२ च्या मोहिमा शिखराच्या अगदीं जवळून परतल्या. १९६५ सालीं कोहली यांच्या नेतृत्वाखालीं नऊ जण माथ्यावर पोंचले. १९९८ सालीं सुरेन्द्र चव्हाण हे महाराष्ट्रांतून तेथें पोंचले, आणि १९ मे २०१२ रोजीं पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या आठ जणांनीं, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेंत, एकाच दिवशीं शिखर सर केलें. पण हीं सर्व माणसें बहुधा सह्याद्रीच्या सावलींत वाढलेलीं. कडेकपारींची संवय त्यांस लहानपणापासून होती.

विदर्भाची पाळी आली ती २०१८ मध्यें, आणि तीहि शहरांतल्या सुखवस्तु घरांतून नव्हे. आदिवासी विकास विभाग व चंद्रपूरचें जिल्हा प्रशासन यांनीं 'मिशन शौर्य' नांवाची योजना आंखली. बोर्डा, देवाडा व जिवती येथील आश्रमशाळांतील मुलामुलींमधून दहा जणांची निवड पक्की झाली. ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह अशा क्रमानें त्यांचें शिक्षण झालें. या क्रमास अर्थ आहे. समुद्रसपाटीच्या मानानें एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब सुमारें एक-तृतीयांश असतो. श्वास तेवढाच घेतला तरी प्राणवायु तेवढा मिळत नाहीं. शरीरास ही उणीव सोसण्यास हळूहळू शिकवावें लागतें. साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेह येथें मैदानांतील माणसास प्रथम जिना चढतांनाहि दम लागतो. म्हणून मोहिमेंत वर चढावयाचें, खालीं यावयाचें, पुन्हां अधिक वर चढावयाचें, असा दिनक्रम ठेवितात. उतावळ्या माणसाचें तेथें काम नाहीं.

मे २०१८ च्या मध्यास मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे व विकास सोयाम हे पांच जण शिखरावर पोंचले. २७ मे रोजीं पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणांत या पांचांचीं नांवें घेण्यांत आलीं, आणि जंगलातील पाड्यांचीं मुलें देशभर घरोघरीं ठाऊक झालीं.

येथें एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. ज्या शाळांतून पुरेसे शिक्षक, चांगलें अन्न व निवारा मिळावा म्हणून झगडावें लागतें, तेथील मुलांस एवढ्या खर्चाच्या व जिवावरच्या साहसास धाडणें योग्य काय? हा आक्षेप झिडकारून टाकण्याजोगा नाहीं. शिखराची कीर्ति ही शाळेच्या छपराची जागा घेऊं शकत नाहीं, आणि कोणत्याहि शासनानें तसें समजूं नये. पण दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. आश्रमशाळेंतील मुलाला जन्मभर आपण दयेचे विषय आहों, असेंच शिकविलें जातें. मोजणीचें अवजड यंत्र टेकडीवर चढविणारांचीं व हिमकड्याखालीं गाडले गेलेल्या हमालांचीं नांवें थोड्यांसच ठाऊक असतात. ओझें त्यांचें, कीर्ति दुसऱ्याची, हा जुना शिरस्ता. चंद्रपूरच्या मोहिमेंत त्याच थरांतलीं मुलें स्वतःच्या नांवानें चढलीं, हा फरक लहान नव्हे.

आणि शिखरावर न पोंचलेल्या पांचांनाहि विसरतां कामा नये. तेंच शिक्षण त्यांनीं घेतलें, तीच थंडी सोसली. वेळीं परत फिरणें हा गिर्यारोहणांतील पराभव नसून त्या विद्येचा एक भाग आहे. १९५३ सालीं बूर्दिलाँ व इव्हान्स परत फिरले नसते, तर जिवंत राहिले असते कीं नाहीं याची शंकाच आहे. शाळाशाळांतून सत्कार व्हावयाचे तर दहाहि जणांचे व्हावेत.

भंडाऱ्याच्या मुलांस एव्हरेस्ट दूर आहे, पण आंबागड दूर नाहीं. एखाद्या हिंवाळ्यांत शिक्षकानें वर्ग घेऊन तो किल्ला चढावा, माथ्यावरून दोन खुणा धरून कोन मोजण्यास शिकवावें, आणि दमलेल्या मुलाचें दप्तर दुसऱ्यानें घ्यावें असा नियम करावा. लॅम्ब्टनची भूमिति आणि मोहिमेची रीत, दोन्हींचे पहिले पाठ तेवढ्यांत होऊन जातील.