रेघांना वळसा : तिरोडी परिसरातील नकाशे, खाणी आणि राने

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ वसलेले तिरोडी हे मँगनीजच्या खाणीमुळे ओळखले जाणारे गाव आहे. त्याच्या पश्चिमेस पेंच, ईशान्येस कान्हा आणि आग्नेयेस नागझिरा अशी तीन मोठी व्याघ्रवने असल्यामुळे सायकलीच्या सांगाड्याला मुक्कामाचे सामान बांधून दूरचा प्रवास करण्याच्या, म्हणजेच बाइकपॅकिंगच्या, दृष्टीने हा प्रदेश जितका आकर्षक तितकाच जपून हाताळण्याचा ठरतो. असा मार्ग आज संगणकाच्या पडद्यावर आखला जातो. परंतु त्या पडद्यावरील प्रत्येक रेघ कोणीतरी, कधीतरी, वेगळ्याच हेतूने काढलेली आहे, आणि तो हेतू समजल्याशिवाय ती रेघ नीट वाचता येत नाही.

या रेघांचा आरंभ भूमापनात आहे. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास, म्हणजे एक बाजू प्रत्यक्ष मोजून उरलेली अंतरे कोनांवरून काढण्याच्या पद्धतीस, प्रारंभ केला. हेच काम उत्तरेकडे नेत असता १८२३ मध्ये वर्धा परिसरातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. नागपूरचे भोसले राज्य १८५३ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८६७ मध्ये शेजारच्या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा घडवण्यात आला. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाची क्रमांकित नकाशापत्रांत विभागणी केली, तेव्हा तिरोडी आणि पेंचचे खोरे ही दोन्ही ‘५५ ओ’ या एकाच पत्रात आली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मात्र याच पत्रातून राज्याची सीमा गेली आणि एकाच रानाचा कारभार दोन वनखाती पाहू लागली.

दुसरी रेघ खनिजाची आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून कमानीसारखा वळलेला सौसर खडकसमूहाचा पट्टा मँगनीजने समृद्ध असून, त्याखालच्या प्राचीन पट्टिताश्म खडकांना भूशास्त्रात तिरोडीचेच नाव मिळाले आहे. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीच्या वारशातून १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल, उभी राहिली. भूशास्त्रज्ञ लुईस ली फर्मर याने १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर प्रसिद्ध केलेला विस्तृत ग्रंथ हा या भूमीच्या बारकाईच्या वाचनाचा आणखी एक टप्पा होय. खनिज वाहून नेण्यासाठी तुमसरहून तिरोडीपर्यंत रेल्वेची शाखा आली आणि भरवेली, उकवा यांसारख्या खाणींपर्यंत रस्ते पोहोचले. अशा रस्त्यांमुळेच आज अभयारण्यांच्या बाहेरून जाणारा सलग मार्ग शक्य होतो.

तिसरी रेघ वनाची असून तीच सर्वांत अधिक गैरसमजास कारण होते. १८७८ च्या वन अधिनियमाने ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे वनांचे वर्ग पाडले. यांपैकी संरक्षित वनात तुलनेने अधिक मोकळीक होती, आणि जळण, चराई, गवत यांसाठीचा गावकऱ्यांचा परंपरागत वापर मध्य प्रांतात ‘निस्तार’ या नावाने नोंदला जात असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांना दिलेले संरक्षण मात्र निराळ्या प्रकारचे आहे, कारण तेथे परवानगीविना प्रवेशच निषिद्ध ठरतो. कान्हा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. पेंचचा महाराष्ट्रातील भाग १९७५ मध्ये तर मध्य प्रदेशातील भाग १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. नवेगाव आणि नागझिरा यांचा संयुक्त व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांतील गाभा क्षेत्र आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र यांतील भेद कायद्यात आणला. नकाशावर हे सारे बहुधा एकाच हिरव्या रंगात दिसते, म्हणून आखणाऱ्याने रंगावर न विसंबता प्रत्येक तुकड्याचा कायदेशीर दर्जा शोधावा लागतो.

संगणकीय आखणीचे घटकही इतिहासातूनच आलेले आहेत. एड्सगर डाइकस्ट्रा याने १९५९ मध्ये मांडलेल्या किमान अंतराच्या गणनपद्धतीवर व तिच्या सुधारित रूपांवर मार्गशोधक प्रणाली चालतात. चढउतार फेब्रुवारी २००० मधील अवकाशयानाच्या रडार मोजणीवरून कळतात. तर २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जगभरातील स्वयंसेवक रस्ते नोंदवतात. मार्गशोधक प्रणाली वाटेचे अंतर व पृष्ठभाग तोलते, परंतु गाभा क्षेत्रातील गस्तीच्या कच्च्या वाटेवर प्रवेशबंदीची नोंद नसेल तर ती वाट जवळची म्हणून निःशंकपणे सुचवते. त्यामुळे मार्ग आखताना उद्यानांच्या सीमा स्वतंत्रपणे चढवून आतील वाटा वगळाव्या लागतात आणि उरलेल्या वाटेविषयी स्थानिक वनकार्यालयाला विचारावे लागते.

अशा पद्धतीने तिरोडीहून कटंगी, वारासिवनी, बालाघाट, उकवा आणि बैहर असा सार्वजनिक रस्त्यांचा मार्ग कान्ह्याच्या सीमेपर्यंत नेता येतो. तथापि सीमेबाहेरही रान संपत नाही, कारण कान्हा आणि पेंच यांना जोडणारा वन्यजीवांचा संचारमार्ग सिवनी व बालाघाटच्या वनांतूनच जातो. म्हणून या टापूत अंधार पडण्यापूर्वी गावात मुक्काम करणे हा मार्गाच्या आखणीचाच भाग मानला पाहिजे. नागपूर ते सिवनी महामार्ग पेंचमधून जातो तेथे रस्ता खांबांवर उचलून प्राण्यांना खालून जाण्यासाठी मोकळ्या जागा ठेवल्या असून, त्यांतील सर्वांत लांब सुमारे ७५० मीटरची आहे, आणि वाघांनी त्यांचा वापर केल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. मालमोटारींच्या वाहतुकीने जिथे रानासाठी आपला रस्ता उचलून घेतला, तिथे काही किलोमीटरचा जास्तीचा वळसा सायकलस्वारानेही आनंदाने पत्करावा.