टाके केव्हा काढावेत? पापणीच्या जखमेचा प्राचीन इतिहास

१/ पापणीची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोनच चिंता असतात: जखम नीट भरेल ना? आणि डोळा पूर्वीसारखा मिटेल ना? या चिंता आजच्या नव्हेत. प्राचीन भारत आणि रोम, दोन्हीकडच्या वैद्यकग्रंथांत त्यांचा बारकाईने विचार झाला आहे. त्याविषयी हा धागा.

२/ त्या काळी पापणीला शस्त्र लावण्याचे एक मोठे कारण होते दृष्टी वाचवणे. पापणीची कड आत वळली की तिचे केस बुबुळावर सतत घासतात आणि हळूहळू अंधत्व येते. खुपऱ्यांच्या जुन्या रोगातही हेच घडते. सुश्रुतसंहितेत या विकाराला ‘पक्ष्मकोप’ असे नाव आहे.

३/ संहितेच्या उत्तरतंत्रात, सोळाव्या अध्यायात, उपचार सांगितला आहे. भुवईखालचे दोन भाग आणि केसांलगतचा एक भाग सोडून, मधल्या त्वचेचा जवाच्या दाण्यासारखा तुकडा आडवा कापावा. दाणा दोन्ही टोकांना निमुळता असतो. म्हणून कडा चुणी न पडता जुळतात. त्वचा ताणली गेली की आत वळलेले केस बाहेर ओढले जातात.

४/ मग जखम केसाने शिवावी. केस एकपदरी आणि गुळगुळीत. पिळाच्या दोऱ्याप्रमाणे तो स्राव शोषून घेत नाही. टाक्यांमधील अंतराबाबत सूत्रस्थानात सर्वसाधारण इशारा आहे: टाके फार लांब घातले तर जखमेच्या कडा दुखतात, फार जवळ घातले तर फाटतात.

५/ त्यानंतर तूप आणि मध लावून कपाळावर पट्टा बांधावा. टाके केव्हा काढायचे? सुश्रुत दिवस सांगत नाही. छेद घट्ट जुळला आहे हे नीट पाहून मगच कुशल वैद्याने केस काढावेत, एवढेच तो सांगतो.

६/ आता रोमकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिन भाषेत वैद्यकग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या खंडातही पापणीची जादा त्वचा कापून शिवण्याची कृती आहे. तो मात्र दिवस नेमून देतो: चौथ्या दिवशी टाके काढावेत आणि दाह शमवणारा लेप लावावा.

७/ सेल्ससला खरी धास्ती होती ती जास्त कापले जाण्याची. त्वचा प्रमाणाबाहेर गेली की डोळा मिटत नाही. ग्रीक वैद्य या अवस्थेला सशाचा डोळा म्हणत. फार त्वचा गेली असेल तर उपाय नाही, असे तो स्पष्ट सांगतो. थोडीच कमी असेल तर भुवईखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा आणि कडा जुळू नयेत म्हणून मध्ये कापसासारखे मऊ तंतू भरावेत. मधल्या जागेत नवे मांस वाढते. म्हणजे एका ठिकाणी जखम मिटवण्याची धडपड, तर दुसऱ्या ठिकाणी ती मुद्दाम उघडी ठेवण्याची!

८/ पापणीला रक्तपुरवठा विपुल असतो, म्हणून तिची जखम लवकर भरते. आजही येथील टाके बहुधा पाच ते सात दिवसांत निघतात. घाई केली तर जखम उसवते, उशीर केला तर टाक्यांचे वण राहतात. म्हणून सेल्ससचा दिवस आणि सुश्रुताची नजर, दोन्ही आजच्या शल्यविशारदाजवळ असावी लागतात. (तूप-मधाचा प्रयोग मात्र घरी कोणी करू नये!)

९/ खुपऱ्यांची सार्वजनिक आरोग्यसमस्या भारतातून दूर झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. तरीही आत वळलेले केस शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वळू शकतात, ही अडचण सर्वत्र कायम आहे. सुश्रुताला तीही ठाऊक होती: एवढ्याने विकार शमला नाही तर पुढे काय करावे, हे त्याच अध्यायात आहे. आपला उपचार फसू शकतो हे लिहून ठेवणारा ग्रंथ अधिक विश्वासार्ह वाटतो.