संकल्पनाजालांचे संवादी आलेखचित्रण

एखाद्या विषयातील संकल्पना आणि त्यांचे परस्परसंबंध संगणकाला वाचता येतील इतक्या काटेकोरपणे नोंदले की संकल्पनाजाल, म्हणजे ऑन्टॉलॉजी, तयार होते. संकल्पना बिंदूंनी व संबंध रेघांनी दाखवून ते पडद्यावर काढणे, आणि पाहणाऱ्याला बिंदू उघडता, मिटता, सरकवता येणे, हे त्याचे संवादी चित्रण.

लहान जाल कसेही काढले तरी चालते. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञासंग्रहात मात्र साडेतीन लाखांच्या वर संकल्पना आहेत. त्या एकदम काढल्या तर नुसता काळा गुंता दिसतो. बिंदूंनी एकमेकांना ढकलायचे आणि रेघांनी स्प्रिंगप्रमाणे ओढायचे, ही पीटर ईड्स यांची १९८४ची मांडणी आजही पायाभूत आहे. पण प्रत्येक जोडीचा हिशेब करावा लागत असल्याने बिंदू दुप्पट झाले की काम चौपट होते. दूरचा पुंजका एकच बिंदू धरणारी बार्न्स-हट पद्धत (१९८६) खगोलशास्त्रातून आली. तिने वेळ वाचतो, गुंता तसाच राहतो. तो सोडवायचा तर काय झाकायचे हे ठरवावे लागते, आणि खरे कसब तिथेच लागते. जॉर्ज फर्नस यांची मत्स्यनेत्र दृष्टी (१९८६) जवळचे तपशीलवार, दूरचे मोजकेच दाखवते.

गुंता आवरला की चित्र जालातल्या चुकाही दाखवते. उदाहरणार्थ, चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी घ्या. भद्रावती तालुक्यातले गाव, वणी-आदिलाबादकडे फाटा फुटणारे रेल्वे जंक्शन आणि वेस्टर्न कोलफील्ड्सचे माजरी क्षेत्र हे तीन वेगळे बिंदू हवेत. ते एकात कोंबले तर कोळशाची खाण रेल्वे स्थानकाचा भाग ठरते! तक्त्याच्या हजारो ओळींत ही चूक लपून राहते. चित्रात भलतीकडे गेलेली रेघ लगेच खटकते.

मराठीला जवळचे उदाहरणही अशा तपासणीतूनच निघाले. मराठी शब्दजालासह भारतीय भाषांची शब्दजाले (वर्डनेट, म्हणजे अर्थसंबंधांनी जोडलेले शब्दसंग्रह) जोडणाऱ्या इंडोवर्डनेटसाठी आयआयटी मुंबईतील देवेंद्रसिंह चपलोत, सुधा भिंगारदिवे व पुष्पक भट्टाचार्य यांनी २०१४मध्ये दृश्यक (व्हिज्युअलायझर) मांडला. तो दिलेल्या शब्दाशी संबंधित संकल्पनांचा तेवढाच उपआलेख दाखवतो. नोंदींची पडताळणी सोपी व्हावी म्हणून तो केला गेला. पुढे शब्दाचा नेमका अर्थ ठरवण्यासारख्या संगणकीय कामांच्या विश्लेषणातही तो उपयोगी पडला.

चित्र फसवतेही. शेजारी पडलेले दोन बिंदू अर्थाने जवळचे असतीलच असे नाही; ती जागा मांडणीच्या गणिताने दिलेली असू शकते. ‘प्रकार’ आणि ‘भाग’ हे संबंध एकाच रंगात काढले तर घोटाळा वाढतो. एखादी संकल्पना जालात आहे की नाही, एवढेच पाहायचे असेल तर उतरंडीची साधी यादी आलेखापेक्षा सरस. प्रोटेजे या संपादकाच्या ऑन्टोग्राफ पानावर ती आलेखाशेजारीच असते.