पन्नास सेकंद

साल १९९८. लोअर परळच्या एका बंद गिरणीतल्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, तुम्ही ट्रायपॉडवर कॅमेरा चढवताय. वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, त्याच्या काचा उत्तरेकडे. सुतावर थेट ऊन पडू नये, तुटलेला धागा दिवसभर सारख्याच उजेडात दिसावा म्हणून केलेली ही रचना. विणकरांसाठी आखलेला तो उजेड आज तुमच्या कामी येतोय. गंजाचा तांबडा, शेवाळाचा हिरवा फिल्मवर उतरणारच नाही. उरेल काळं लोखंड आणि त्यावरची राखाडी धूळ.

कॅमेऱ्यात ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म आहे. सावलीतल्या साच्याशी मीटर धरलात, तो १० सेकंद दाखवतो. इतक्या मंद उजेडात फिल्मची संवेदनशीलता घटते, म्हणून द्यायचे ५०. शटर उघडता.

आणि कानठळ्या बसतात! डिसेंबर १९८१. शेकडो साचे धडधडतायत, पायाखालची फरशी थरथरतेय. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली. घामावर कापसाचे तंतू चिकटतायत. बोललेलं काही ऐकू येत नाही, सगळा संवाद हातवाऱ्यांनी. एका विणकराला तुम्ही खुणेनं थांबायला सांगता. तो मान हलवतो. मजुरी विणलेल्या कापडावर. साचा थांबला की पैसे गेले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू होईल, आणि यांतले कितीतरी पुन्हा या खात्यात येणार नाहीत.

शटर उघडंच आहे, तरी यांच्यातला एकही फिल्मवर उमटणार नाही. फ्रेंच छायाचित्रकार दागेरनं १८३८ मध्ये पॅरिसचा वाहता रस्ता टिपला, तेव्हा लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये हलणारे गाड्या-घोडे सगळे पुसले गेले. बूट पॉलिश करून घेत उभा असलेला एक माणूस तेवढा राहिला. रिकामपण कॅमेराही घडवू शकतो. नुसत्या भिंती-पोपड्यांचं देखणेपण टिपणारी छायाचित्रं मला म्हणूनच सलतात. ही जागा आपोआप ओस पडलेली नाही.

शटर मिटतं. पुन्हा १९९८. फाटकावरचा रखवालदार याच खात्यातला जुना विणकर. त्याला तुम्ही हाक मारता.

"काका, या साच्यापाशी उभे राहाल? मिनिटभर अजिबात हलायचं नाही."

"हा नव्हे," ते म्हणतात. "माझा साचा पलीकडच्या रांगेत."

तुम्ही ट्रायपॉड उचलता.